दुसरा कान

ओट्याच्या कडेला ठेवलेला डाव घरंगळला आणि फरशीवर खणकन आपटला.

घरात तिघं होती. मान वळवली ती एकटीनेच, तीही चुकीच्या बाजूला.

केतकी तेव्हा लेकीला गोष्ट सांगत होती. या घरातलं बोलणं सगळं हातांचं. केतकी आणि निहार, नवरा-बायको दोघंही जन्मापासून बहिरे. बाहेर गेलेली सासू सोडली, तर घरात ऐकणारा कान कधी नव्हताच आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. गोष्ट ऐन रंगात आली होती. कोल्हा विहिरीत डोकावणार, एवढ्यात रेवाचे डोळे आईच्या हातांवरून उडाले आणि खिडकीवर जाऊन बसले. डाव पडला होता पार उलट दिशेला. केतकीचे हात हवेतच राहिले, कोल्ह्यासकट.

“काय झालं?”

“काहीतरी वाजलं,” रेवा हातांनी म्हणाली. “कुठं ते कळत नाही.”

हातांनी बोलणाऱ्या घरात समोरचा बोलत असताना नजर काढून घेणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं. रेवाला हे पाळण्यापासून ठाऊक. दुधाची बाटली तोंडात असतानासुद्धा ती आईच्या बोटांवरची नजर हलू द्यायची नाही. झोपेतही तिची बोटं बोलायची. केतकी शेजारी आडवी पडून ती अर्धवट वाक्यं वाचत बसायची आणि एकटीच हसायची. पण गेल्या वर्षापासून कुणी कुठे काही आपटलं, शिट्टी मारली, की आईचं वाक्य मध्येच तुटायचं. आणि झोपेत आता बोटांऐवजी पोरीचे ओठ हलायचे. त्या ओठांवरचं केतकीला वाचता यायचं नाही. अजून शब्द नव्हतेच ते, नुसते आवाज असावेत.

यात पोरीची काय चूक? डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. हे केतकीने पुस्तकात वाचलं होतं. आता ती ते रोज बघत होती.

निहारने जमिनीवर पाय आपटला. तळपायांना हादरा पोचला तशी केतकीने वर बघितलं. त्याच्या हातात फोन होता आणि डोळ्यांत पाणी. वकीलबाईंचा निरोप आला होता: निकाल लागला. कायदा घटनाबाह्य ठरला. आपण जिंकलो.

निहारने रेवाला उचलून गरागरा फिरवलं. केतकी भिंतीला टेकून खाली बसली. वर्षभर तिने या एका शब्दाची वाट बघितली होती, आणि आता तो आला तर तिला कळेना, की त्याला बसायला कुठे सांगायचं.

रेवा बापाच्या खांद्यावरून वाकून विचारत होती, “कोल्ह्याचं काय झालं?”

“पडला विहिरीत,” केतकी म्हणाली.

*

रेवाच्या बहिरेपणाचं मूळ एका जनुकात होतं. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते. तिच्यात केसाळ पेशींची रांग. आवाज आला की त्या डोलतात आणि आपलं डोलणं शेजारच्या मज्जातंतूला कळवतात. रेवाच्या पेशी छान डोलायच्या. तंतूही धडधाकट होता. दोघांमधला निरोप पोचवणारं ओटोफर्लिन नावाचं प्रथिन तेवढं तिच्या शरीराला बनवता येत नव्हतं. निहार इचलकरंजीत यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. त्याने याचा उलगडा आपल्या पद्धतीने केला होता. “ताणा लावलाय, कांडी भरलीये, पण सूत घेऊन मधे धावायला धोटाच नाही. कापड निघणार कुठून?”

यावर उपाय सापडला. विषाणूतलं विष काढून त्याचं रिकामं कवच घ्यायचं, त्यात जनुकाची चांगली प्रत भरायची आणि कानाच्या आत थेंबभर सोडायची. जनुक लांबलचक, एका कवचात मावत नाही. म्हणून त्याचे दोन तुकडे, दोन कवचं, आणि पेशीत शिरल्यावर तुकडे आपोआप जुळतात. काही आठवड्यांत पेशी ते प्रथिन बनवू लागतात आणि दाराची कडी वाजली की मूल वळून बघतं. मात्र शरीर त्या कवचाला ओळखून ठेवतं. तेच कवच पुन्हा आलं तर परतवून लावतं. म्हणून दुसऱ्या कानासाठी वर्षभराने वेगळ्या कवचातली मात्रा द्यावी लागते, आणि ती पहिलीच्या जोडीनेच बनवून ठेवतात. दिलेलं औषध परत काढून घेता येत नाही. ऐकू लागलेल्या कानाला पुन्हा पूर्वीसारखं करणारा डॉक्टर कुठे नाही.

औषध चांगलंच होतं. केतकीने त्याला कधी नावं ठेवली नाहीत. तिचं भांडण होतं ते कायद्याशी. राज्याने कायदा केला, की सहा वर्षांच्या आतल्या अशा प्रत्येक मुलावर हा उपचार सक्तीचा. आईबापांची संमती ‘आहे असे मानण्यात येईल’. त्यांनी नाही म्हटलं तर ती मुलाची हेळसांड, आणि मूल ताब्यात घेऊन उपचार करण्याचा अधिकार जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला. विधानसभेत दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. कुणी म्हणालं, यापुढे राज्यात एकही मूल मुकं राहणार नाही.

“मुकं?” निहार तेव्हा म्हणाला होता. “आमची एवढी बडबडी पोर बघायला या म्हणावं एकदा.”

केतकीचं म्हणणं साधं होतं. मेंदूला लहानपणी भाषा मिळाली नाही तर त्याची वाढ खुंटते, हे डॉक्टरांचं खरं. पण रेवाला भाषा होती, सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत होती. मग घाई कसली? तिला थोडी मोठी होऊ दे. तिच्या भाषेत तिला सांगू, असं असं औषध आहे, त्याने असं असं होतं, आणि मग विचारू. एवढंच तिने याचिकेत लिहिलं होतं. स्थगितीची तारीख पुढे गेली आणि त्या मधल्या दिवसांत रेवाला नेऊन तिच्या उजव्या कानात औषध घालायला बालवाडीत पथक आलं.

केतकी धावत पोचली, मागोमाग सासूही. पथकातली पोलीसबाई प्रेमळ होती. “शांत व्हा ताई, शांत व्हा,” असं तिच्या ओठांवर स्पष्ट दिसत होतं. तिने केतकीचे दोन्ही हात मनगटाशी घट्ट धरून ठेवले होते. आपण एका बाईचं तोंड दाबलंय, हे तिच्या गावीही नव्हतं. केतकीचा फोन समोरच टेबलावर उभा होता. हातांची भाषा वाचून तो तिच्या वतीने मोठ्याने बोलायचा. धरलेल्या दोन मुठी त्याने बघितल्या आणि तो गप्प राहिला.

*

निकाल समजावून घ्यायला दोघं कोल्हापूरला ॲडव्होकेट नसीम मुजावर यांच्याकडे गेली. बाईंनी पेढ्यांचा पुडा पुढे केला, पण स्वतः घेतला नाही.

बाई बोलायच्या ते फोनच्या पडद्यावर अक्षरांत उमटायचं. “राज्यघटना सगळ्यांत वर,” त्या सांगत होत्या. “सरकारने, विधानसभेने, कुणीही केलेला कायदा तिच्या मापात बसला पाहिजे. स्वतःच्या शरीरावर माणसाचा हक्क, हे तिथलं माप. हा कायदा त्यात बसला नाही. म्हणून कोर्ट म्हणालं, हा शून्य. आज मेला असं नाही केतकी. हा जन्मला तेव्हाच मेलेला होता. कायद्याच्या नजरेत तो कधी नव्हताच.”

“नव्हताच?” केतकीने विचारलं. “मग रेवाला जे केलं ते कुणी केलं?”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “तेच सांगते. शेवटच्या परिच्छेदात कोर्टाने म्हटलंय, की आजवर झालेल्या कृती अधिकाऱ्यांनी प्रामाणिक समजुतीने केल्या, सबब त्या तशाच राहतील. त्यांना हात लावायचा नाही.”

निहार पुढे सरकला. “म्हणजे कायदा कधी नव्हता, पण त्यानं केलेलं सगळं आहे.”

“हो.”

“भुताची गोष्ट आहे मॅडम ही. भूत नव्हतं, पण भांडी फुटली.”

बाई हसल्या नाहीत. “आणखी एक आहे. आपण मागितलं होतं, फक्त सक्तीचं कलम काढा. औषध राहू दे, ज्याला हवं तो घेईल. पण सरकारनेच तो कायदा असा गुंतवून लिहिला होता, की सक्ती, खर्च, औषधाचा साठा, सगळं एकमेकांत अडकलेलं. कोर्ट म्हणालं, एक धागा ओढला तर बाकीचं उभं राहत नाही. त्यामुळे पूर्ण कायदा गेला.”

“म्हणजे दुसऱ्या कानाचं...”

“सरकार मनात आणेल तर साधा आदेश काढून उद्या औषध ऐच्छिक करू शकतं. पण मनात आणलं तर. सध्या रुसून बसलेत. म्हणतायत, कोर्टाने हात बांधले.”

हात बांधले, ही अक्षरं पडद्यावर उमटली, तेव्हा केतकीने फोन पालथा ठेवला.

परतीच्या एसटीत निहारने एक नवी खूण बनवली. ‘घटनाबाह्य’ला त्यांच्या भाषेत शब्दच नव्हता. त्याने एका तळव्याचं उघडं पुस्तक केलं आणि दुसऱ्या हाताने त्यातलं काहीतरी चिमटीत धरून बाहेर भिरकावलं. घरी आल्यावर ती त्याने रेवालाही शिकवली: मोठं पुस्तक आहे, सगळ्यांच्या नियमांचं. त्यात न बसणारा नियम केला, की तो फेकून द्यायचा, पुस्तक नाही. रेवाला खूण फार आवडली. त्या दिवशी ताटातलं कारलं घटनाबाह्य ठरलं. मग वेणी घालणं. मग आजीचं लवकर झोप म्हणून मागे लागणं.

“आणि तुला औषध द्यायचा नियम होता ना, तो पण फेकला,” निहार तिला म्हणाला.

रेवाने उजव्या कानाला हात लावून बघितला. कान जागेवर होता.

*

हातांनी बोलणाऱ्या आया मुलाचा हात धरून चालत नाहीत. हात धरला तर बोलायचं कशाने? मूल दोन पावलं पुढे, नजर मागे-पुढे, असं ते चालणं. रेवाला रस्ता ओलांडायचा धडा केतकीने असाच दिला होता: थांब, डावीकडे बघ, उजवीकडे बघ, आईकडे बघ. बहिरी रेवा हा धडा कधी चुकली नाही. कान नसलेल्याला डोळ्यांवाचून दुसरा आधार नसतो.

त्या सकाळी सासूही बरोबर होती. कापड बाजाराच्या चौकात रेवा कडेला थांबली. डावीकडे बघणार, तोच कुठूनतरी हॉर्न वाजला. बॅटरीवर चालणारी रिक्षा, चाकांचा आवाज नाही, नुसता हॉर्न. रेवाच्या कानाने सांगितलं, आवाज उजवीकडून आला. एकच कान होता आणि तो उजवा होता. त्याला सगळं जग उजवीकडेच वाटायचं. पोरीने कानावर विश्वास ठेवला आणि आवाजापासून लांब म्हणून डावीकडे पळाली. रिक्षाच्या पुढ्यात.

केतकी ओरडली. स्वतःचा आवाज तिला कधी ऐकू आला नव्हता, पण गळा सोलवटून निघाल्यासारखं झालं. सासूने झेप घेऊन फ्रॉक धरला आणि दोघी फुटपाथवर पडल्या. गुडघे फुटले, बाकी काही नाही. रिक्षावाला हातवारे करून काहीतरी म्हणत होता. सासूने त्याला काय सुनावलं ते केतकीला वाचता आलं, आणि ते लेकीला ऐकू गेलं म्हणून तिला आयुष्यात पहिल्यांदा कानाची लाज वाटली.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टर शेटे तरुण होत्या आणि खोटं बोलत नव्हत्या. “आवाज आहे, हे एका कानालाही कळतं,” त्या फोनकडे बघून म्हणाल्या. “कुठून आहे, हे दोघांना मिळून कळतं. आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित नंतर. तो किंचितसा फरक मेंदू मोजतो आणि दिशा ठरवतो. रेवाकडे मोजायला दुसरं टोकच नाही.”

“मग दुसरा कान?”

“आताच व्हायला हवा. मेंदूतली रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. आणखी थोडा काळ गेला, की तो दुसऱ्या कानाची जागाही पहिल्यालाच देऊन टाकेल. त्यानंतर औषध घातलं तरी दिशा यायची नाही.” त्यांनी जमिनीकडे बोट दाखवलं. “मात्रा इथेच आहे. खाली शीतपेटीत. रेवासाठी आलेली.”

“द्या मग.”

“कशाच्या आधारावर देऊ? ज्या कायद्याने ती आली, तो नाही. साठ्याला हात लावू नका असा वरून आदेश आहे.”

खासगीतली किंमत निहारने आधीच बघितली होती आणि पुन्हा कधी तो विषय काढला नव्हता.

बाहेर बाकावर रुग्णालयातल्या ओळखीची वैजयंती बसली होती, मुलाला मांडीवर घेऊन. ती ऐकणारी, मुलगा बहिरा. मुलगा उपचाराच्या यादीत होता. त्याची पाळी यायची आणि कायदा पडायचा एकच गाठ पडली. केतकी शेजारून जाताना तिने मुद्दाम तोंड वर केलं, ओठ नीट दिसावेत म्हणून.

“खूश आहेस ना? जिंकलीस ना?”

केतकीने फोन काढला, पण वैजयंतीने तो हाताने खाली केला.

“फोन नको. मला कळतंय सगळं. तुला नको होतं, तुझ्या पोरीला मिळालं. मला हवं होतं, माझ्या पोराचं काढून घेतलंस. तुझा हक्क, तुझी घटना. माझ्या पोराशी मला अजून दोन शब्द बोलता येत नाहीत गं.”

केतकीला तिला सांगायचं होतं, की मी तुझं औषध बंद करा असं कधी म्हटलं नव्हतं. आणि हेही, की दोन शब्द बोलता येतील, हातांनी, मी शिकवते, आजपासून शिकवते. पण वैजयंतीने मुलाला घेऊन तोंड फिरवलं होतं, आणि पाठमोऱ्या माणसाशी केतकी कशी बोलणार? मुलगा तेवढा आईच्या खांद्यावरून तिच्याकडे टक लावून बघत राहिला. तिने त्याला चिमणीची खूण करून दाखवली. त्याने ती लगेच केली.

*

आरोग्य खात्याच्या उपसंचालक साहेबांनी तिला स्वतः बोलावून घेतलं. निहारची कारखान्यात पाळी होती म्हणून ती एकटीच गेली. साहेबांनी चहा मागवला, फोनशी अदबीने बोलले.

“ताई, आम्हीसुद्धा लेकरंबाळंवाले आहोत. मार्ग आहे. कोर्टाने सक्तीचे उपचार बेकायदा ठरवले. पण एखाद्या पालकाने स्वखुशीने उपचार सुरू केले असतील, तर ते अर्धवट सोडणं वैद्यकीय नीतीला धरून नाही. अशा चालू केसेस पूर्ण करायला मी परवानगी देऊ शकतो. माझ्या अधिकारात आहे.”

“मग द्या.”

“तुम्ही फक्त एवढं लिहून द्यायचं, की पहिला डोस तुमच्या संमतीने झाला होता.”

केतकीने फोनचा कॅमेरा आपल्या हातांकडे वळवला.

“माझे हात धरले होते,” ती म्हणाली, आणि फोनने ते त्याच्या गोड, कुणाच्याच नसलेल्या आवाजात सांगितलं.

“झालं गेलं,” साहेब म्हणाले. “शिवाय तुमच्या वकीलबाई नुकसानभरपाईचा दावा घालणार आहेत असं कानावर आलं. या प्रतिज्ञापत्रानंतर अर्थात त्याला काही अर्थ राहणार नाही. पण तुम्हाला मुलीचा कान महत्त्वाचा, की दावा?” त्यांनी बशी तिच्याकडे सरकवली. “बिस्कीट घ्या.”

नसीमबाईंना तिने व्हिडिओवर सांगितलं. पडद्यावर अक्षरं उमटली. “ही सही केलीस, तर निकाल राहील. पोरं त्याचा अभ्यास करतील, दाखला म्हणून तो वाचला जाईल. पण त्यात तुझ्यावर जबरदस्ती झाली होती, ते राहणार नाही. ते तूच पुसलेलं असेल.” आणि थोड्या वेळाने, “मी तुला करू नको म्हणणार नाही. मला मूल नाही केतकी, मी कशी म्हणू.”

निहार चिडला. “देऊ नकोस लिहून. लढू.”

“किती दिवस?”

“लागतील तेवढे.”

“तिच्या डोक्यातली जागा भरत चाललीये. ती तुझ्या तारखेसाठी थांबणार आहे?”

तो उठून गच्चीत गेला. या घरातली भांडणं तशीच संपायची. पाठ फिरवली, की संपलं.

सासू दारात उभी होती. तिला हातांचं बोलणं मोडकंतोडकंच यायचं, पण तिचे ओठ केतकीला पाठ होते. नात ऐकू लागली तेव्हा गल्लीभर साखर वाटली होती ती हिनेच. निकालाच्या दिवशी जेवली नव्हती, तीही हीच.

“लिवून देऊ नगंस,” सासू म्हणाली.

केतकीला वाटलं आपण चुकीचं वाचलं.

“मला कान पायजे हुता पोरीला. आजबी पायजे. पन तुझं हात धरलं हुतं, ते मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. तवा मीबी काय बोललो न्हाई. आता तूच म्हननार, की मीच हो म्हटलं हुतं? असं कसं गं केतके?”

केतकीने तिच्याजवळ जाऊन तिच्या गुडघ्यावरची पट्टी नीट केली. रिक्षाच्या दिवसाची जखम अजून ओली होती. त्या पट्टीकडे तिने बोट दाखवलं, मग रेवाच्या दप्तराकडे.

दुसऱ्या दिवशी तिने सही केली. जागा दाखवायला एक पेन्सिलची फुली होती. तिने नाव लिहिलं, खाली तारीख घातली. साहेबांच्या शिपायाने कागद नेला आणि एवढं सगळं कसं सोपं झालं याचंच तिला नवल वाटत राहिलं. कुणीच हात धरला नव्हता.

*

रेवाला रुग्णालयाचा हिरवा झगा घातला. तो तिला पायघोळ व्हायला लागला, म्हणून केतकीने कमरेशी गाठ मारून तो वर खोचला, परकरासारखा. रेवाला ते आवडलं. तिने एक गिरकी घेतली. मग डॉक्टर शेटे आल्या आणि डाव्या कानामागे निळ्या पेनाने खूण करून गेल्या.

“गार लागलं,” रेवा म्हणाली.

“पुसू नकोस. आतल्या डॉक्टरांना कळायला हवं, कुठला कान ते.”

“त्यांना माहीत नाही?”

“माहीत आहे. तरी करतात.”

निहार अर्जाच्या खिडकीशी होता. सासू खाली बाकावर जपमाळ ओढत असणार. खोलीत दोघीच. केतकीने लेकीला पलंगावर बसवलं, समोर स्टूल ओढलं आणि हातांनी सगळं नीट सांगितलं. आत झोपवतील. उठशील तेव्हा कानाला पट्टी असेल. थोडं गरगरेल. मग काही दिवसांनी हा कानही ऐकायला लागेल आणि आवाज कुठून येतो ते कळेल. रिक्षा डावीकडे की उजवीकडे. आजी कुठल्या खोलीतून हाक मारतेय. रेवा नजर न हलवता ऐकत होती, पूर्वीसारखी, आणि केतकीला वाटलं हे सांगणं संपूच नये.

“दुखेल?”

“थोडंसं.”

“मागच्या वेळेसारखं?”

“मागच्या वेळी आई आत नव्हती. आता तू झोपेपर्यंत मी जवळ असणार.”

रेवाने विचार केला. विचार करताना तिची एक भुवई वर जायची, थेट बापासारखी.

“मागच्या वेळी नियम होता,” ती म्हणाली.

“हो.”

“बाबा म्हणाला, फेकला तो.”

“फेकला. कोर्टाने फेकला.”

“मग आता नियम नाही.”

“नाही.”

दारात परिचारिका ढकलखुर्ची घेऊन उभी राहिली. तिच्या ओठांवर ‘चला’ होतं. ते रेवाला ऐकू गेलं असणार, कारण तिने वळून बघितलं, चुकीच्या बाजूला, भिंतीकडे. मग तिचे डोळे पुन्हा आईच्या हातांवर आले. तिने आपले दोन्ही हात झग्यातून बाहेर काढले, बाह्या मागे सारल्या आणि अगदी सावकाश, एकेक खूण नीट करत विचारलं:

“मग मी नको म्हटलं, तर चालेल?”